घाईला आलेलं बी

उगवून अकराच दिवस झाले होते, आणि ठिपक्याला कळी आली.

वनिता निकमने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाफ्यात आणखी खाली वाकली. रोप धड वीतभरही नव्हतं. माती फोडून वर येताना डोक्यावर घेतलेल्या दोन डाळी अजून सुकून गळल्या नव्हत्या. त्यांच्यावर साध्या पानांची पहिली जोडी, बस्स. घेवड्याचं खरं पान, ते तीन पात्यांचं, एकही नव्हतं. आणि त्या दोन पानांच्या बेचक्यात मोहरीएवढी पांढुरकी कळी. शेजारच्या रोपाला तीच, त्याच्या शेजारच्यालाही तीच.

हिवरखोल हे सातारा जिल्ह्यातलं पठारावरचं चौतीस उंबऱ्यांचं गाव, आणि ठिपक्या हा त्या गावचा घेवडा. बदामी अंगावर तांबडे शिंतोडे असलेला, मऊ शिजणारा. त्याच्या आमटीशिवाय गावात लग्न लागत नसे आणि बारावाही उरकत नसे. हा वाण जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि ही गोष्ट पाहुण्याला चहाच्या आधी सांगितली जायची.

वनिताकडे नोंदीचं काम होतं. एका संशोधन केंद्राने तिला चार वर्षांपूर्वी एक जाडजूड वही दिली होती. उगवण, पानांची जोडी, तीन पात्यांचं पहिलं पान, कळी, फूल, शेंग, दाणा, असे तिच्यात रकाने. पिकाने कोणती पायरी कितव्या दिवशी चढली ते तिथे लिहायचं आणि फोनवरून केंद्राला कळवायचं. तिने वाफ्याच्या बांधावर बसून कळीचा रकाना वरून खाली वाचला. तीस, सत्तावीस, पंचवीस, बावीस, वीस, सतरा, पंधरा, तेरा. त्याखाली तिने अकरा लिहिलं. वही यायच्या आधीच्या काळात ठिपक्याला कळी यायची चाळिसाव्या दिवशी. तेवढ्या दिवसांत वेल छातीला लागायचा आणि मग एकेका वेलाला तीस-चाळीस शेंगा लोंबायच्या. आता दोन पानांची कमाई ती किती? एक शेंग, तिच्यात एक दाणा. एक पेरायचा आणि एक मिळवायचा, आणि त्यातला एखादा चिमणीने उचलला की तो गेलाच. ठिपक्या संपायला फार तर तीन हंगाम लागतील, एवढं गणित बारावी शिकलेल्या वनिताला येत होतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉ. नचिकेत उकिडवे म्हणजे त्याच केंद्रातले, 'फुलसाद' या फवाऱ्याचे जनक. माणूस मनाने सरळ, पण घाईचा. चार वर्षांपूर्वी, दोन हजार एकेचाळीसच्या जूनमध्ये, गावच्या देवळात जानाईसमोर बसून त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. झाडाला फुलायची वेळ झाली हे पानाला कळतं. पान एक निरोप तयार करतं, तो देठातून शेंड्याला पोचतो, आणि शेंडा पानं काढायचं थांबवून कळी काढतो. हा निरोप आम्ही प्रयोगशाळेत बनवला आहे. पंपात घालून फवारा, की शेतातली सगळी झाडं एकाच दिवशी फुलतील, तीही दहा दिवस आधी. सगळ्या शेंगा एकदम तयार. पाच तोडण्यांऐवजी एकच तोडणी, आणि वर्षाला एकाऐवजी तीन पिकं.

"आणि शेजारच्याला नको असेल तर?" कुणीतरी विचारलं होतं.

"त्याला काहीच होणार नाही. घेवडा स्वतःच्याच परागावर फळतो. तुमचं झाड तुमचं, त्याचं त्याचं."

हिवरखोलचा एक जुना नियम होता: ठिपक्या विकावा, पण बी म्हणून गावाबाहेर एक दाणा जाऊ देऊ नये. बाहेर काही द्यायचं नाही हे ठरलेलं होतं. बाहेरचं आत घ्यायचं नाही, असं मात्र कुणी ठरवलं नव्हतं. फुलसाद आली. पहिल्याच हंगामात तिसाव्या दिवशी फुलं पाहून बायका हसल्या होत्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" पण त्या वर्षी तीन पिकं निघाली आणि हसणं कौतुकाचं झालं. पुढे कळीचा दिवस आणखी अलीकडे आला, तेव्हा वनिताने तेही कौतुकानेच कळवलं. फोनवर तिच्या आकड्यापुढे हिरवी खूण उमटायची. लवकर म्हणजे प्रगती, असं त्या यंत्राला शिकवलेलं होतं. नंतर वर्षाला एखाद-दोनच पिकं निघू लागली, शेंगाही कमी झाल्या, तेव्हा गावाने पावसाला दोष दिला, मग खताला, मग मातीला. गेल्या वर्षी फवारणी बंद केली. तरी दिवस घटतच राहिले, आणि खूण हिरवीच राहिली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. गाडीतून उतरून सरळ वाफ्यात गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. चार वर्षांत त्यांचे केस चांगलेच पांढरे झाले होते.

"वनिताताई, आमच्याकडेही असंच झालंय," ते म्हणाले. "झाड एकदा घाईने फुललं की त्याच्या जनुकांवर तशा खुणा पडतात. दुधाला विरजण लागावं तशा. साधारणपणे बी तयार होताना असल्या खुणा पुसल्या जातात, नवं रोप कोरी पाटी घेऊन जन्मतं. इथे त्या पुसल्या जात नाहीत, उलट गडद होतात. आईची घाई मुलीला, मुलीची नातीला. फवारणी थांबवून उपयोग नाही. घाई आता बियात आहे."

"पर आमच्या गावात दहाच घरांनी फवारलं व्हतं. बाकीच्यांच्या रानात कशी गेली?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "वासाने. उमललेल्या फुलासोबत झाड एक वास सोडतं, आपल्या नाकाला कळत नाही तो. दोन-तीन हात अंतरावरच्या झाडाला कळतो, आणि तेही फुलायला घेतं. हे आम्हाला गेल्या महिन्यात सापडलं. पण दोन-तीन हातच! एका रानातून दुसऱ्या रानात तो जाऊच शकत नाही. तुमच्या चौतीस घरांच्या रानात एकाच वेळी हे कसं पोचलं, तेच मला कळत नाहीये."

वनिताला ते त्याच क्षणी कळलं.

"रांजण," ती म्हणाली.

"कसला रांजण?"

मग तिने सांगितलं. जानाईच्या ओवरीत एक मातीचा रांजण आहे. खंडेनवमीला प्रत्येक घरची बाई आपल्या बियातली एक ओंजळ त्यात टाकते. सगळ्यांचं झालं की रांजणकरीण कोपरापर्यंत हात घालून बी कालवते आणि वर राख टाकून तोंड बांधते. आखितीला, परसात वेल लावायच्या दिवशी, प्रत्येक घर त्यातली एक ओंजळ परत नेतं आणि आपल्या बियात मिसळतं. एखाद्याचं बी किडलं, वाहून गेलं, जळलं, तरी गावाच्या ओंजळीतून ते पुन्हा उभं राहतं. पिढ्यान्‌पिढ्या ठिपक्या टिकला तो या रांजणामुळे. आणि गेली तेरा वर्षं रांजणकरीण होती वनिताच.

"म्हणजे प्रत्येक रानात, प्रत्येक वाफ्यात, दहा-वीस झाडं घाईची," डॉक्टर हळूहळू म्हणाले, "आणि बाकीची त्यांच्यापासून दोन हातांवर. हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं न्हाई. वहीत त्याचा रकाना न्हाई."

फुलसादीच्या पहिल्या वर्षी रांजणात पहिली ओंजळ तिनेच टाकली होती. मोठमोठे, तुकतुकीत दाणे निवडून. बाकीच्यांनी बघावं म्हणून हात जरा उंच धरून.

"तुमच्या थंड कपाटात आमचं बी व्हतं की. तानाजी भावजींनी दिल्यालं."

"होतं. दहा वर्षांनी बी पेरून ताजं करावं लागतं. तीन वर्षांपूर्वी केलं. फुलसादीच्या प्रयोगाशेजारच्याच वाफ्यात." डॉक्टरांनी वाफ्याकडे बोट दाखवलं. "ताई, मला एकच दाणा हवाय, जो या रांजणात कधी गेला नाही. ही कळी चार दिवसांत उमलेल, मग सगळं हाताबाहेर. गावात एक तरी घर असं आहे का, ज्याने मिसळलं नाही?"

असं एक घर होतं. आणि ते घर वनितानेच वेगळं पाडलं होतं.

तिचा थोरला दीर तानाजी, त्याची बायको मालन. तेरा वर्षांपूर्वी केंद्राचा एक माणूस बी गोळा करत पठारावर आला होता. पुढे कधी अडचण आली तर उपयोगी पडेल, म्हणून तानाजीने त्याला पावशेर ठिपक्या दिला. ते वनिताने पाहिलं, आणि दिराशी बांधावरून वाजलेलंच होतं, तेव्हा देवळात सर्वांसमोर सांगितलं. गावाने निकाल दिला: तानाजीच्या घरचा हात रांजणाला लागणार नाही. तोवर रांजणकरीण मालनच होती. तिच्याकडून ते काम काढून वनिताला दिलं. तानाजी दोन वर्षांत गेला. मालन ओढ्यापलीकडच्या घरात एकटी राहिली. आणि पुढे त्याच केंद्राची वही वनिताने दोन्ही हातांनी घेतली, तेव्हा गावात कुणाला काही आठवलं नाही. तिला आठवलं होतं. तिने ते गिळलं होतं.

दुपारी ती ओढा ओलांडून एकटीच गेली. मालन पडवीत तांदूळ निवडत होती. सत्तरीची, वाळलेली, ताठ. तिने मान वर केली आणि पुन्हा सुपात घातली.

"आक्का," वनिता म्हणाली. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"बस. पानी तिथं हाय. घे."

वनिता बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. कळी, वास, खुणा, रांजण. मालनचे हात थांबले नाहीत. शेवटी वनिता म्हणाली, "तुमच्याजवळ बी आसंल. तुमचा हात रांजणाला लागला न्हाई. गावात आता तेवढंच चांगलं बी हाय. आक्का, मला ओंजळभर द्या."

"न्हाई."

"अर्धी ओंजळ द्या."

"न्हाई म्हनलं ना."

वनिताला वाटलं, हा सूड आहे, आणि तो आपण सोसलाच पाहिजे. ती खाली बसली आणि तिने मालनच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी चुगली केली आक्का. नियमाची काळजी म्हणून न्हाई. बांधाचा राग म्हणून केली. भावजींनी दिलं ते शहाणपणाचं व्हतं, आन् मी त्यांना चोर ठरवलं. ते त्याच घोरात गेले, ते बी मला ठावं हाय. मला काय बोलायचं ते बोला, गावासमोर बोला. पर बी द्या. माझ्यासाठी नगं. ठिपक्यासाठी."

सुपातले तांदूळ सांडले. मालनने पाय ओढून घेतले नाहीत. वनिताने वर पाहिलं तर म्हातारी रडत होती.

"द्यायला न्हाई म्हून देत न्हाई गं," मालन म्हणाली. "तुमी समद्याजणी नवमीला वटी भरून जेवायला बसायचा, तवा म्या मागच्या दारानं ओवरीत यायची. माजी ओंजळ टाकायची. आन् आखितीला दुपारी, देऊळ मोकळं आसताना, एक ओंजळ काढून न्यायची. तेरा वर्सं. एक वरीस चुकलं न्हाई. माजं बी समद्यांच्या बियात आसावं, समद्यांचं माज्यात, येवढंच वाटायचं. लोकांनी टाकलं तरी रांजणानं न्हाई ना टाकलं, आसं म्हनायची मनाला." तिने पदर तोंडात कोंबला. "आता काय देऊ तुला? तुज्यात हाय तेच माज्यात हाय."

वनिताला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? एकीने गर्वाने ओंजळ टाकली होती, दुसरीने मायेने. बियाला त्यातलं काही कळलं नव्हतं.

निघताना तिची नजर परसाकडे गेली आणि पाय थबकले. कुडाच्या कडेने ठिपक्याची सात रोपं उभी होती. प्रत्येकाला तीन पात्यांची पानं, एकाला तर चार. कळी एकालाही नाही.

"आक्का, ही किती दिसांची?"

"वीस झालं. तुमच्याआधी टोकली व्हती."

"वीस! आन् कळी?"

"आली व्हती अकराव्या दिशी. खुडली." मालन साधेपणाने म्हणाली. "मिरचीचं पयलं फूल खुडतो तशी. दोन पानांची पोर ती, तिला कसलं बाळंतपन? आदी वाढ म्हनलं. पुना आली, पुना खुडली. सव्वीस व्हती. एकोनीस मेली. ही सात ऱ्हायली."

डॉक्टर धावत आले. त्यांनी भिंगातून सातही रोपं पाहिली, एकेक पान खुडून बरोबर आणलेल्या डबीएवढ्या यंत्रात घातलं आणि आकडे येईपर्यंत परसातच उभे राहिले.

"खुणा फिक्या झाल्यात," ते म्हणाले. "फार नाही, पण झाल्यात. पान जितके दिवस नुसतं पान म्हणून जगतं, तितकी ही घाई पुसली जात असावी. असावी, म्हणतोय मी. सात रोपांवरून मी शपथ घेणार नाही. आणि एक सांगतो. खुडलं की चारातली तीन रोपं मरतात. त्यांच्यात एवढी ताकदच नाही. उरतील त्यांना दोन-तीन शेंगा येतील कदाचित. आणि हे करायचं तर सगळ्यांनी केलं पाहिजे. वाफ्यात एक फूल उमललं तरी त्याच्या वासाने आजूबाजूची पुन्हा घाईला येतील."

"आन् न्हाई खुडलं तर?"

"तर या हंगामात रोपामागे एकेक दाणा नक्की मिळेल. तोवर आम्ही प्रयोगशाळेत काही शोधू. शोधूच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात जमलं. वनिताने काही लपवलं नाही. रांजणाचं सांगितलं, स्वतःच्या ओंजळीचं सांगितलं, तानाजीचंही सांगितलं. मालन तेरा वर्षांनी ओवरीच्या पायरीवर, उघड्यावर बसली होती. मग सगळे एकदम बोलले, आणि सगळ्यांत मोठा आवाज होता वनिताच्या नवऱ्याचा, शहाजीचा.

"आदी बी घालवलंस, आता उरलेलं बी खुडायला निघालीस? एक तर एक दाना पदरात पडतोय. हातचं सोडून पळत्याच्या मागं कोन लागतंय?"

"अहो, तो दाना पेरला की पुढं काय येनार? नवव्या दिशी कळी. त्याच्या पुढं सातव्या. मग डाळीतनंच कळी निगंल आन् मरंल."

"तवाचं तवा बगू!"

"चार वर्सं तेच केलं आपन," वनिता म्हणाली. "हिरवी खून बगत बसलो. मला भ्या वाटतंय हो. माझ्या हातनं दुसऱ्यांदा बुडंल म्हून रातभर डोळा लागला न्हाई. पर वाट बगितली तर बुडनार हे नक्की हाय, आन् खुडलं तर नक्की न्हाई. येवढाच फरक हाय. मी माझ्या वाफ्यापासनं सुरवात करते. जिला पटंल तिनं यावं."

ती उठून चालू लागली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

वाफ्यात पोचून ती वाकली आणि पहिल्या रोपाची कळी तिने नखात धरली. कळी कोवळी होती, न आवाज करता तुटली. दुसरी. तिसरी. शहाजी बांधावर येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. त्याने तिला अडवलं नाही, आणि मदतही केली नाही. थोड्या वेळाने तो निघून गेला, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलला. पंधराव्या रोपाला तिच्या शेजारच्या ओळीत एक वाळलेला हात आला आणि खुडू लागला. मालन होती. मग वरच्या आळीतल्या दोघी आल्या, "आमच्या रानात कवा?" विचारत. दुपारपर्यंत वीस घरं झाली. उरलेल्या चौदांपैकी काहींनी शिव्या दिल्या, दोघींनी दारं लावून घेतली. मालन त्या दारांसमोर जाऊन नुसती बसून राहिली. तेरा वर्षं जिला दाराशी उभं केलं नाही ती बाई दारात बसली आहे म्हटल्यावर फार वेळ कडी लावून बसवेना. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हिवरखोलात एकही फूल उमललं नाही.

मग मरण सुरू झालं. रोज सकाळी वनिता वही घेऊन निघायची. रोपं माना टाकायची, पिवळी पडायची. पुन्हा कळी यायची, पुन्हा खुडायची. दोन हजारांच्या आसपास रोपं होती. आठ दिवसांनी तेराशे, पंधरा दिवसांनी सहाशे. लोकांनी तिच्याकडे पाहायचं सोडलं. एकीने तर तिच्या तोंडावर वाफ्यातली मेलेली रोपं उपटून फेकली. ती घरी येऊन चुलीपाशी बसायची आणि हात धुवायची, कितीदा तरी धुवायची. तिला वाटायचं, आपण वेड्या झालो आहोत आणि मालनच्या दुःखाने आपल्याला त्या वेडात ओढलं आहे. अशा वेळी ओढा ओलांडून ती पलीकडे जायची. मालन तिला काही समजावत नसे, फक्त चहा टाकायची.

शेवटी तीनशे बारा रोपं उरली. सव्विसाव्या दिवशी डॉक्टरांनी आता फुलू द्या म्हणून सांगितलं, आणि त्यांना फुलं आली. कुणाला दोन शेंगा, कुणाला तीन. शेंगेत दोन दाणे, क्वचित तीन.

खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे सगळ्या बायका देवळात आल्या. प्रत्येकीच्या हातात बियाची पुरचुंडी होती. वनिताने रांजणाचं तोंड सोडलं, आत हात घालून जुनी राख काढली, रांजण पुसला आणि पालथा घातला.

"औंदा मिसळायचं न्हाई," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं जपायचं. कुनाच्या बियातली घाई किती गेली ते वहीत कळंस्तवर रांजण पालथाच ऱ्हाईल."

कुजबुज झाली. ज्यांच्या आजीच्या आजीनेही नवमीला रांजण रिकामा पाहिला नव्हता अशा बायका होत्या त्या. वनिता मालनकडे वळली. "आक्का, गावानं तुमचा हात मोकळा केलाय. आता तुमी कवाबी रांजणाला हात लावू शकता."

मालनने पालथ्या रांजणाच्या बुडावर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "लावला," ती म्हणाली. "पर टाकू काय?"



कार्तिकात प्रत्येक घराने आपापलं बी वेगळ्या वाफ्यात, एकमेकांपासून लांब टोकलं. उगवण झाली. अकराव्या दिवशी पहाटवारा असतानाच वनिता मालनच्या परसात गेली. तिथली नवी रोपं त्या सात, सगळ्यांत जास्त खुडलेल्या आयांची होती. फरक पडला असलाच तर तो तिथे आधी दिसला असता. ती गुडघ्यावर बसली. एकेका रोपाचं बेचकं नखाने उघडून पाहिलं. सगळी पाहिली. काही नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"न्हाई आक्का! कळी न्हाई!"

"उद्या बग," मालन म्हणाली.

बाराव्या दिवशी सकाळी कळी होती. मोहरीएवढी, पांढुरकी.

वनिताने वही उघडली. कळीच्या रकान्यात वरून खाली तीस ते अकरा असे उतरत आलेले नऊ आकडे होते. त्यांच्याखाली तिने बारा लिहिलं आणि मग तिला पुढचं दिसेना, कारण चष्म्यात पाणी साचलं होतं. तिने केंद्राला आकडा कळवला. यंत्राने त्याच्यापुढे लाल खूण केली: उशीर.

ती हसली, आणि हसता हसता तिचं रडू मोकळं झालं. मालन तिच्या शेजारी मातीत बसली.

"एक दीस आला," मालन म्हणाली. "किती यायचे ऱ्हायले?"

"अठ्ठावीस. एका पिकाला एक धरला, वर्साला तीन पिकं, तर नऊ-साडेनऊ वर्सं. समदं नीट झालं तर."

"तवर म्या नसायची."

"आसं नगा बोलू."

"खरं हाय ते हाय. तू आसशील. वही लिहीत जा." मालनने पहिल्या रोपाचा शेंडा दोन बोटांत हलकेच धरून वनिताकडे वळवला. ती कळी पाहायला वनिताने पाच महिने जीव टांगणीला लावला होता, गाव तोडून घेतलं होतं, नवऱ्याचं बोलणं गमावलं होतं. दुसरी कुणी असती तर तिने त्या कळीसमोर उदबत्ती लावली असती. वनिताचा हात उचलेना.

"खुड," मालन म्हणाली.

वनिताने कळी खुडली आणि दुसऱ्या रोपाकडे सरकली.